पाणी चाखील तो तळे राखील



‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. व्यवहारात ती बहुधा उपरोधाने वापरली जाते. ज्याच्या हाती कोठाराची किल्ली, त्याच्या पदरात चार दाणे पडावयाचेच, एवढाच तिचा अर्थ आता शिल्लक राहिला आहे. परंतु हीच म्हण उलटी करून पाहावी, असे मी आज सुचविणार आहे. ज्याला पाणी चाखावयास मिळते, तोच तळे राखतो. आणि ज्याचा पाण्यावरील हक्क काढून घेतला, त्याने तळे राखावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. आपल्याच विदर्भाच्या पूर्व टोकाला, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत, गेल्या काही शतकांच्या इतिहासाने ही गोष्ट दाखवून दिली आहे. त्या इतिहासाच्या एका बाजूकडे, म्हणजे तळ्यातील माशांच्या घराकडे, मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने माशांवर बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. पण जाळे टाकणारा भोई किंवा ढिवर हाही श्रमावर जगणारा माणूस आहे. त्याचा कारखाना म्हणजे तळे. कारखान्याची यंत्रे मोडकळीस आली की मजुरी बुडते, तसे तळे बिघडले की त्याची चूल विझते. गिरणी बंद पडली तर वर्तमानपत्रात बातमी येते. तळ्यातून मरळ नाहीशी झाली, तर तिची नोंद कोठेही होत नाही.

मेहकरच्या श्रोत्यांना हा विषय दूरचा वाटू नये. आपले गाव पैनगंगेच्या काठी वसलेले आहे. याच नदीवर आपल्या तालुक्यात पेनटाकळीचे धरण उभे राहिले, आणि नदीचा वाहता प्रवाह तेथे तलाव होऊन थांबला. शेजारी लोणारचे सरोवर आहे. त्याच्या मूळच्या खारट, क्षारयुक्त पाण्यात शतकानुशतके मासळी नांदली नाही. तेव्हा पाणी साठले म्हणजे मासा आलाच असे होत नाही, हा धडा आपल्या उंबरठ्यावरच आहे.

मग माशाला घर म्हणून लागते तरी काय? माणसाला लागते तेच. अंडी घालण्यास जागा लागते, पिलांना लपण्यास आडोसा लागतो, अन्न लागते आणि येण्याजाण्यास वाट लागते. मरळ उथळ पाण्यातील वनस्पती बाजूला सारून घरटे करते, आणि नर-मादी पिलांची राखण करतात. वाम आपली अंडी पाणवनस्पतींना चिकटवून ठेवते. कित्येक लहान देशी मासे पहिल्या पावसाबरोबर ओढ्यातून उलटे चढतात, सांडव्यावरून तळ्यात आणि भाताच्या बांधीत शिरतात, तेथे प्रसवतात आणि पाणी ओसरताना पिलांसह परततात. उन्हाळ्यात तळे आटू लागले की ज्या खोल डोहात शेवटचे पाणी उरते, तेथे पुढील वर्षाचे बियाणे जगते. म्हणजे उथळ काठ, हिरवी गर्दी, खोल डोह आणि मोकळा सांडवा या चार गोष्टी मिळून माशाचे घर होते.

कटला, रोहू आणि मृगळ या तीन मोठ्या माशांची रीत मात्र निराळी. हे गंगेसारख्या मोठ्या नद्यांचे मासे. पुराच्या वाहत्या पाण्यात ते अंडी घालतात. साध्या स्थिर तळ्यात ते वाढतात, पण सहसा प्रसवत नाहीत. त्यामुळे त्यांचे बीज दरवर्षी बाहेरून आणून सोडावे लागते. देशी मासा तळ्याचा रहिवासी आहे. कटला-रोहू हे पाहुणे आहेत. हा भेद आपण ध्यानात ठेवावा, कारण पुढील हकीकत त्यावरच उभी आहे.

आता इतिहासाकडे वळू. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात, जो कोणी जंगल तोडून तळे बांधील त्याला त्या तळ्याच्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन द्यावयाची, अशी पद्धत होती असे परंपरा सांगते. या कामात कोहळी समाज आघाडीवर होता. तळी बांधणे आणि ऊस लावणे यांतील त्यांच्या कौशल्याचा उल्लेख रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील १९१६ च्या आपल्या ग्रंथात केला आहे. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पटेल कोहळी यांनी बांधला असे सांगतात, आणि काठावरच्या कोलासूर देवाचे ठाणे हे त्यांचेच दैवतरूप असावे असे मानतात. तळे बांधणाऱ्याला लोकांनी देव केले, यावरून त्या मुलुखात तळ्याचे मोल काय होते हे कळून येईल.

१८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. पुढे १८६० नंतरच्या जमाबंदीत त्यांनी गावोगावच्या मालगुजारांना जमिनीची मालकी दिली, आणि तळीही त्यांच्याकडे गेली. आपल्या वऱ्हाडात रयतवारी पद्धत होती. शेतकऱ्याचा सारा थेट सरकारात जात असे. म्हणून ‘मालगुजारी तलाव’ हा शब्द आपल्याकडे रुजला नाही. तिकडे मात्र अशी सहा हजारांहून अधिक तळी आहेत, आणि त्यांना आज ‘माजी मालगुजारी’ किंवा थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. मालक मालगुजार असला तरी गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या गावच्या कागदात नोंदले जात. पाणी कोणी कसे घ्यावे, चराई कोठे करावी, मासे कोणी धरावेत हे ठरलेले असे. हक्काबरोबर श्रमही ठरलेले होते. उन्हाळ्यात गावाने गाळ काढावयाचा, पाळ दुरुस्त करावयाची. त्या तळ्यांत ढिवर मासे धरीत आणि शिंगाडा लावीत.

हे सारे रामराज्य होते असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. मालगुजाराच्या वाड्यावर वेठ होती. ढिवर भूमिहीन होता आणि गावाच्या उतरंडीत त्याचे स्थान खालचे होते. ज्या देशात पाणी पिण्याच्या हक्कासाठी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, त्या देशात जुनी तळी साऱ्या गावाची होती असे म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, अन्यायाच्या त्या चौकटीतही तळ्याशी हितसंबंध असलेली माणसे तळ्याजवळ होती, आणि म्हणून तळे राखले जात होते.

स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्य प्रदेश राज्याने १९५० साली मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा केला आणि १९५१ मध्ये तो अमलात आला. मालगुजारी गेली, हे योग्यच झाले. परंतु तळी सरकारजमा झाली तेव्हा मालकाबरोबर गावही बाजूला पडले. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान तलाव पुढे जिल्हा परिषदांकडे, मासेमारीचा ठेका आणखी कोणाकडे, अशी वाटणी झाली. तळ्याचे पाणी एका दप्तरात, मासा दुसऱ्या दप्तरात आणि काठची जमीन तिसऱ्या दप्तरात गेली. पाणी आता सरकारचे, तर गाळही सरकारनेच काढावा, असे गाव म्हणू लागले. आणि सरकारपाशी एवढ्या तळ्यांसाठी ना पैसा होता, ना माणसे. तळी गाळाने भरू लागली.

याच सुमारास मत्स्यशास्त्रात एक मोठा शोध लागला. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोचून रोहूसारख्या माशांना बंद पाण्यात प्रसवावयास लावले. पूर्वी नदीच्या पुरातून गोळा करावे लागणारे बीज आता केंद्रात तयार होऊ लागले. गोरगरिबांच्या ताटात मासा पोचविण्यास या शोधाने फार मोठा हातभार लावला, आणि तो दिवस आपला देश मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतो, ते उचितच आहे. पण प्रत्येक सुधारणेला एक सावली असते. तळे म्हणजे बीज सोडण्याचे आणि वर्षाअखेर मासळी तोलण्याचे भांडे, अशी दृष्टी तयार झाली. जाळ्यात अडकते म्हणून पाणवनस्पती शत्रू ठरली. १९५२ साली परदेशातून तिलापिया आला, १९५९ साली गवत्या मासा आला. तिलापिया देशी माशांची जागा व्यापतो. गवत्या मासा, नावाप्रमाणेच, पाण्यातील हिरवळ फस्त करतो. दक्षिण अमेरिकेतून आलेले बेशरमाचे झुडूप काठाकाठाने पसरले. त्याला गुरे तोंड लावीत नाहीत आणि माशालाही त्याचा उपयोग नाही. शेतातील औषधे आणि खते पावसाबरोबर तळ्यात उतरू लागली.

सहकारी संस्था स्थापन झाल्या होत्या, आणि ढिवर आता कागदोपत्री सभासद झाला होता. पण बीज विकत घ्यावयाचे, ठेक्याची रक्कम भरावयाची, आणि दुष्काळाने किंवा पुराने मासा गेला तर कर्ज अंगावर घ्यावयाचे, असा तो संसार होता. पूर्वी देशी मासा फुकट उपजत असे आणि रोज थोडाथोडा घरी येत असे. तो गेल्यावर सणासुदीपुरती मोठी मासळी निघे आणि एरवी घरात कालवण नसे. माशाचे घर मोडले तेव्हा ढिवराच्या घराचाही एक वासा निखळला.

ही गोष्ट ध्यानात आली ती आधी ढिवरांच्याच. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव भागात काही मासेमार संस्था आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी मिळून काम हाती घेतले. मंडळाचे श्री. मनीष राजनकर यांनी तळ्यांचा आणि ढिवरांच्या ज्ञानाचा पुष्कळ वर्षे अभ्यास केला आहे. त्यांच्या कामाची पद्धत मला फार शिकवणारी वाटते. प्रथम तळ्यात पूर्वी कोणत्या वनस्पती होत्या, कोणता मासा कोणत्या वनस्पतीत राहतो, कोणता काय खातो, हे वृद्ध मासेमारांकडून समजून घेण्यात आले. पुस्तकातला शास्त्रज्ञ आणि पाण्यातला शास्त्रज्ञ एका सतरंजीवर बसले. मग उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटावयाचा, घट्ट झालेला तळाचा भाग नांगरून मोकळा करावयाचा, आणि पाऊस पडून पाणी भरू लागले की चांगल्या तळ्यांतून आणलेल्या देशी वनस्पती आपापल्या खोलीवर लावावयाच्या, असा क्रम ठरला. काही वनस्पती पाण्याखाली बुडून राहणाऱ्या, काही पानांनी वर तरंगणाऱ्या, तर काठाच्या उथळ पाण्यात देवधानासारखी गवते. शेतकरी रोप लावतो तशी ही तळ्यातील लावणी होती. तिच्याबरोबर नियम आले. प्रजननाच्या दिवसांत मासेमारी नाही, आणि तळ्याची नासाडी करणारा परका मासा सोडावयाचा नाही.

या कामात ढिवर स्त्रिया पुढे आल्या, हे मी मुद्दाम सांगतो. संस्थेच्या वहीत बहुधा पुरुषांची नावे. पण मासळी बाजारात नेणारी, विकणारी आणि घरचे ताट भरणारी बाई. लहान देशी मासा गेल्याचा फटका पहिल्यांदा तिला बसला होता. स्त्रियांचे गट तळ्याच्या कामावर उतरले, ग्रामसभेत बसले, बोलू लागले. ज्या तळ्यांत हे काम झाले तेथे देशी मासे परतले, त्यांच्यामागून पक्षीही आले.

यात नवे यंत्र नाही, मोठे भांडवल नाही. नवे असेल ते एवढेच, की हक्क असलेला, ज्ञान असलेला आणि अधिकार असलेला, असे तिघे एकत्र आले. यांतील एकाला वगळले तर काय होते, त्याचीही उदाहरणे आहेत.

एकेकाळी वऱ्हाड ज्या मध्य प्रांताला जोडलेला होता, त्यातील होशंगाबाद जिल्ह्यात तवा नदीवर १९७० च्या दशकात धरण झाले. चव्वेचाळीस गावांतील आदिवासी विस्थापित झाले. ज्यांची शेते पाण्याखाली गेली, त्यांनाच त्या पाण्यात जाळे टाकण्यास बंदी होती. मासा महामंडळाचा आणि नंतर ठेकेदाराचा. किसान आदिवासी संघटनेने लढा दिला आणि १९९६ च्या अखेरीस विस्थापितांच्या तवा मत्स्य संघाला जलाशयाचा पट्टा मिळाला. संघाने बीज सोडले, पावसाळ्यातील बंदी स्वतः पहारा देऊन पाळली, सभासदांना धरलेल्या मासळीचा दाम दिला, आणि उत्पादन पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले. ज्या आदिवासींना चोर ठरविले होते, तेच रखवालदार झाले. परंतु २००६ मध्ये पट्ट्याची मुदत संपली, जलाशय व्याघ्र प्रकल्पाच्या संरक्षित क्षेत्रात येतो हे कारण पुढे झाले, आणि पट्टा गेला. मुदतीने दिलेला हक्क मुदत संपताच काढून घेता येतो. ठेकेदारी पद्धतीत यंत्राला तेल कोणी घालीत नाही, हे आम्ही कामगार पुष्कळ पाहिले आहे. उद्या हे यंत्र आपल्या हाती असेल की नाही याची खात्री नसते. तळ्याचेही तसेच आहे. वर्षाच्या ठेक्यावर कोणी दहा वर्षांनी फळणारी निगा राखीत नाही.

दुसरे उदाहरण लोणावळ्याचे. तेथील वळवण तलावाजवळ टाटा वीज कंपनीने १९७० च्या सुमारास मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या मदतीने महसीर माशाच्या कृत्रिम प्रजननाचे काम सुरू केले. सह्याद्रीच्या नद्यांतील हा भव्य मासा धरणांनी व सुरुंगाच्या मासेमारीने हटत चालला होता. त्याची लाखो पिले तयार झाली, हे मोठेच कार्य. पण ही पिले दूर कावेरीच्या खोऱ्यातही सोडली गेली, आणि तेथील मूळची कुबडी महसीर मागे पडत गेली. २०१८ मध्ये त्या कावेरीच्या माशाची गणना नष्ट होण्याच्या अगदी काठावरील जातींत झाली. हेतू उत्तम, शास्त्र उत्तम. पण पिले वाढविणे आणि घर राखणे ही दोन निराळी कामे आहेत, हे त्यातून दिसते.

धरणांच्या पोटातील माशांच्या घराचा प्रश्न केवळ आपला नाही. नवे धरण भरले की बुडालेली झाडेझुडपे कुजून पाण्याला कस येतो आणि पहिली काही वर्षे मासळी भरपूर निघते. पुढे तो कस संपतो, बुडालेली झाडे झिजून जातात, आणि दर उन्हाळ्यात पाणी खाली उतरल्याने काठावर नुसता चिखल उरतो. अमेरिकेत पुष्कळ धरणे जुनी होऊन हीच दशा आली, तेव्हा २००६ साली माशांच्या वसतिस्थानांसाठी एक राष्ट्रीय योजना आखण्यात आली. सरकारी खाती, हौशी मासेमार आणि गावकरी मिळून तेथे जलाशयात झाडांच्या फांद्या बुडवितात, काठावर वनस्पती लावतात. तेथील गळ टाकणारा बहुधा हौसेसाठी येतो, आपल्याकडील पोटासाठी. म्हणजे हे काम आपल्याकडे अधिक निकडीचे आहे.

आता आपल्या जिल्ह्याविषयी. २०१७ साली राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली. पाठोपाठ तळी व नाले खोल करून निघालेली माती आणि मुरूम महामार्गांच्या भरावासाठी वापरण्याचा प्रयोग येथे झाला, आणि ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून त्याचा देशभर गाजावाजा झाला. पाणी वाढले, विहिरींना आधार मिळाला, रस्त्याला माती मिळाली. याचे मी स्वागत करतो. मात्र खोदणाऱ्या यंत्राला तळ्याची आणि खाणीची ओळख निराळी नसते. मुरूम चांगला लागला की ते खोल जाते आणि कडा उभ्या तासते. अशा तळ्यात पाणी मावते, पण मरळीला घरटे करावयास उथळ काठ राहत नाही, आणि भोयाच्या पोराला पाण्यात उतरण्यास पायवाटही उरत नाही. गाळ काढताना एका बाजूचा उतार सौम्य ठेवावा, मधोमध एक डोह खोल करावा, काठची देशी वनस्पती उपटण्याआधी ती ओळखणाऱ्यास विचारावे, यासाठी जादा पैसा लागत नाही. विचारण्याची सवय लागते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पेनटाकळीसारख्या जलाशयावर आणि आपल्या लहानमोठ्या तलावांवर पाटबंधारे खाते, मत्स्यव्यवसाय खाते, ग्रामसभा आणि भोई बांधवांच्या संस्था यांची बैठक वर्षातून दोनदा व्हावी. एकदा उन्हाळ्यात खोदाईपूर्वी आणि एकदा पावसाळ्यापूर्वी बंदीचे दिवस ठरविण्यासाठी. त्या बैठकीत मासेमार स्त्रियांना जागा असावी. आपल्या महाविद्यालयांतील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तळ्यांतील मासे आणि वनस्पती यांची यादी म्हाताऱ्या भोयांजवळ बसून करावी. ती माणसे गेली की ते ग्रंथालय बंद होईल. रोजगार हमीच्या कामांत बेशरम काढणे आणि देशी वनस्पती लावणे यांचा समावेश व्हावा. आणि पट्टे दीर्घ मुदतीचे असावेत, म्हणजे आज लावलेल्या वनस्पतीचे फळ लावणाऱ्याच्या हयातीत त्याला मिळेल.

यावर कोणी म्हणेल, हक्क दिला तर लोक ओरबाडतील. काही जण ओरबाडतीलही. संघटनेत सगळेच संत नसतात, हे मला तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. त्यासाठीच नियम, हिशेब आणि सभा असते. पण हक्क न देता राखण झाली, असे एकही तळे मला या इतिहासात आढळले नाही. राजाने हक्क दिला तेव्हा तळी बांधली गेली. सरकारने हक्क काढला तेव्हा ती भरत गेली. आणि ज्या थोड्या ठिकाणी कष्टकऱ्यांनी तो पुन्हा हाती घेतला, तेथे मरळ परत घरटे करू लागली. पेनटाकळीच्या काठी ते कधी होणार, हे ठरविण्यास पहिली बैठक कोणी बोलवावी, एवढाच प्रश्न आता आपल्यापुढे आहे. आणि ती बोलविण्यास मेहकर हे योग्य गाव आहे.